विश्लेषण : बुडणाऱ्याला वाचवायला उडी कोण मारतं? जनुकांचा हिशेब मांडणाऱ्या जे. बी. एस. हॉल्डेन यांची गोष्ट

दर पावसाळ्यात आमच्या डेस्कवर असा एक तरी व्हिडिओ येतोच. नदीला पूर आलेला असतो, कुणीतरी वाहून चाललेलं असतं, काठावर पन्नास जण मोबाइल धरून उभे असतात आणि त्यातला एक जण कपड्यांसकट पाण्यात उडी मारतो. व्हिडिओ व्हायरल होतो. माणुसकी अजून जिवंत आहे, अशा कॉमेंट्सचा पाऊस पडतो.

जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो उडी मारणारा माणूस एक कोडं आहे. नैसर्गिक निवडीचा साधा नियम असा, की जो तगतो आणि ज्याला जास्त मुलंबाळं होतात, त्याचे गुण पुढच्या पिढीत जास्त दिसतात. मग दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घालण्याची वृत्ती हजारो पिढ्यांपूर्वीच संपायला हवी होती. काठावर उभं राहून शूटिंग करणारेच उरायला हवे होते. तसं का झालं नाही?

या प्रश्नाचा आकड्यांत हिशेब मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक म्हणजे जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन. इंग्लंडच्या उमराव वर्तुळात वाढलेले, पहिल्या महायुद्धात लढलेले, कम्युनिस्ट पक्षात गेलेले, तिथून बाहेर पडलेले आणि अखेर भारताचे नागरिक होऊन भुवनेश्वरमध्ये वारलेले शास्त्रज्ञ. जनुकं आपल्या वागण्याला आकार देतात, हे वाक्य आज कुठल्याही पॉडकास्टमध्ये ऐकायला मिळतं. त्यामागचं गणित मात्र फारसं कुणी सांगत नाही. ते अवघड नाही, आणि हॉल्डेन यांच्या आयुष्यातून गेलं तर लवकर कळतं.

वडिलांनी खाणीत उभं केलेला मुलगा

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेवर काम करणारे नामांकित शरीरशास्त्रज्ञ. खाणीतले कामगार कुठल्या वायूने मरतात, हे शोधायला ते स्वतः खाणीत उतरत. विषारी वायूचा अंदाज घेण्यासाठी खाणीत कॅनरी पक्षी न्यायची पद्धत त्यांच्यामुळेच रूढ झाली.

मुलालाही ते लहानपणापासून सोबत नेत. एका कोळशाच्या खाणीत त्यांनी त्याला उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं लांबलचक भाषण म्हणायला लावलं. खाणीतला मिथेनचा वायू हवेपेक्षा हलका असल्याने छताजवळ साठतो. थोडं भाषण झाल्यावर मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगत हवा बरी होती, त्यामुळे तो शुद्धीवर आला. वायू वर असतो आणि खाली श्वास घेता येतो, हा धडा त्याला आयुष्यभर पुरला. आजच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा किस्सा टाकला, तर काय होईल याची कल्पना करा.

शाळा ईटनची. तिथे दादागिरी भरपूर सोसली. पुढे ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गणित आणि नंतर ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्य व तत्त्वज्ञान. जीवशास्त्राची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. आमच्यासारख्या, इंजिनिअरिंग करून बातम्या लिहिणाऱ्यांना हा तपशील वाचून जरा बरं वाटतं.

उंदीर, खंदक आणि महू

धाकटी बहीण नेओमी (पुढे लेखिका म्हणून प्रसिद्ध झालेल्या नेओमी मिचिसन) आणि ए. डी. स्प्रंट या मित्रासोबत हॉल्डेन यांनी उंदरांवर प्रजननाचे प्रयोग केले. काही गुण एकमेकांचा हात धरल्यासारखे जोडीने पुढच्या पिढीत जातात, हे त्यांना दिसलं. म्हणजे त्यांची जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असणार. सस्तन प्राण्यांमध्ये हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी ते एक. १९१५ मध्ये शोधनिबंध छापून आला तेव्हा हॉल्डेन आघाडीवर होते आणि स्प्रंट युद्धात मारले गेले होते.

ब्लॅक वॉच या स्कॉटिश रेजिमेंटमध्ये हॉल्डेन हातबॉम्बचं काम बघत. आपल्याला युद्ध आवडलं, अशी कबुली त्यांनी नंतर दिली. जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडल्यावर वडिलांना तातडीने बोलावण्यात आलं, तेव्हा मुलगाही बंद खोलीत क्लोरीन हुंगून मास्कच्या चाचण्या करत होता. पुढे मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांना भारतात पाठवलं गेलं. बरं झाल्यावर महूच्या छावणीत त्यांनी बॉम्बफेकीचं प्रशिक्षण दिलं. देश आवडला, पण साहेब म्हणून इथे राहणं नको वाटलं. भारतीयांशी बरोबरीच्या नात्याने वागता येईल तेव्हाच परत यायचं, असं त्यांनी ठरवलं. त्याला ४० वर्षं लागली.

चक्रवाढ व्याजाचा हिशेब

युद्धानंतर काही वर्षं ऑक्सफर्ड, मग १९२३ पासून केंब्रिज. तिथे एका विवाहित पत्रकार महिलेशी, शार्लट बर्जेस यांच्याशी, प्रेम जुळलं. तेव्हाच्या कायद्यात घटस्फोट मिळण्यासाठी व्यभिचार सिद्ध करावा लागे. तो रीतसर सिद्ध झाला आणि विद्यापीठाने हॉल्डेन यांना काढून टाकलं. ते अपिलात गेले, जिंकले, नोकरी परत मिळाली आणि शार्लट यांच्याशी लग्नही झालं.

या सगळ्या गोंधळात १९२४ पासून त्यांनी निबंधांची एक मालिका सुरू केली. नैसर्गिक निवड आणि मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम यांची सांगड गणिताने घालणं, हा तिचा विषय. त्याच काळात रोनाल्ड फिशर आणि अमेरिकेत सूअल राइट हेच काम आपापल्या पद्धतीने करत होते. आजचं उत्क्रांतीशास्त्र या तिघांच्या खांद्यावर उभं आहे.

मूळ कल्पना एफडीवाल्या कुणालाही कळेल. समजा, एखाद्या दुर्मीळ जनुकामुळे त्याच्या धारकाला सरासरी १ टक्का जास्त संतती होते. हा फायदा डोळ्यांना दिसणारही नाही. पण चक्रवाढ व्याजाप्रमाणे दर साधारण ७० पिढ्यांत त्या जनुकाच्या प्रती दुप्पट होत जातात. उत्क्रांतीच्या घड्याळात ७० पिढ्या म्हणजे काहीच नाही.

अर्थात सुरुवातीला नशीब लागतं. १९२७ मध्ये हॉल्डेन यांनी दाखवलं, की १ टक्का फायदा देणारं नवं जनुक एकाच प्राण्यात उगवलं, तर ते टिकून पसरण्याची शक्यता फक्त २ टक्क्यांच्या आसपास असते. अशा १०० चांगल्या जनुकांपैकी ९८ सुरुवातीच्या पिढ्यांतच योगायोगाने विझून जातात. योग्यतमच टिकतो, असं आपण सरसकट म्हणतो, त्याला हा चांगलाच चाप आहे.

त्यांचं सर्वात गाजलेलं गणित इंग्लंडमधल्या एका पतंगाचं आहे. पेपर्ड मॉथ हा पांढरट, ठिपकेदार पतंग. १८४८ मध्ये मँचेस्टर भागात त्याचा काळा प्रकार नोंदवला गेला. गिरण्यांच्या धुराने झाडं काळवंडत गेली आणि शतक संपेपर्यंत त्या भागात जवळजवळ सगळे पतंग काळे झाले. एवढ्या वेगासाठी काळ्या पतंगांना किती फायदा असायला हवा? हॉल्डेन यांचं उत्तर होतं सुमारे दीडपट. एवढा मोठा आकडा तेव्हा अनेकांना पटला नाही. १९५० च्या दशकात प्रत्यक्ष जंगलात पतंग सोडून प्रयोग झाले आणि पक्षी खरोखरच उठून दिसणारे पतंग जास्त टिपतात, हे दिसलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या गणितात मोजला जातो तो पतंग नाही. मोजल्या जातात त्या जनुकाच्या प्रती. पतंग आज आहे, उद्या नाही. प्रत मात्र एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जात राहते. पुढचं सगळं या एका बदललेल्या नजरेतून निघतं.

स्वतःच गिनिपिग

१९३३ मध्ये हॉल्डेन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. वडिलांची सवय अंगात मुरलेलीच होती. रक्तातली आम्लता वाढली की शरीर काय करतं हे पाहायला त्यांनी अमोनियम क्लोराइड पाण्यात विरघळवून प्यायलं आणि दिवसचे दिवस धापा टाकत काढले. त्यातून लहान बाळांना येणाऱ्या एका प्रकारच्या आचक्यांवर उपचार निघाला.

१ जून १९३९ रोजी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात ‘थेटिस’ ही नवी पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. ९९ माणसं गेली, फक्त ४ वाचली. मेलेल्यांत गोदीतले साधे कामगार बरेच होते. त्यांच्या युनियनने कारण शोधायचं काम हॉल्डेन यांच्याकडे दिलं. त्यांनी काही सहकाऱ्यांना घेऊन स्वतःला पोलादी पेटीत बंद करून घेतलं आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जाताना माणसाचं डोकं आणि शरीर कुठपर्यंत चालतं, याच्या नोंदी केल्या. युद्धकाळात नौदलासाठी अशाच प्रयोगांत त्यांच्या मणक्याला इजा झाली, ती जन्मभर राहिली. कानाचा पडदाही फाटला. सिगारेटचा धूर आता कानातून काढून दाखवता येतो, असं ते मजेत सांगत.

सह्याद्रीतल्या रेस्क्यू टीमच्या पोरांशी बोलताना कधी कधी मला असाच सूर ऐकू येतो. धोका मोठा असतो, सांगणं मात्र गमतीचं.

जिथे गणित चुकलं नाही, माणूस चुकला

स्पेनच्या यादवी युद्धात हॉल्डेन अनेकदा गेले, बॉम्बवर्षावात शहरांचं काय होतं ते पाहिलं आणि लंडनमध्ये खोल आसरे बांधा म्हणून सरकारच्या मागे लागले. नाझींच्या वंशशुद्धीच्या दाव्यांना त्यांनी आकड्यांनी उत्तर दिलं. एखादं दुर्मीळ, अप्रभावी जनुक बहुतेक वेळा निरोगी माणसांतच दडलेलं असतं. त्यामुळे आजारी माणसांची नसबंदी करून ते समाजातून हटत नाही. १९३८ मधलं त्यांचं ‘हेरेडिटी अँड पॉलिटिक्स’ हे पुस्तक याच विषयावर आहे.

पण याच माणसाच्या चरित्रात एक काळं पान आहे आणि ते वगळणं बरं नाही. हॉल्डेन कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते आणि पक्षाच्या ‘डेली वर्कर’ या दैनिकात विज्ञानावर नियमित लिहीत. सोव्हिएत रशियात तेव्हा लायसेन्को नावाचा कृषितज्ज्ञ जनुकशास्त्र हे भांडवलदारी थोतांड ठरवत होता. त्याला विरोध करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावले. याच वाविलोव्ह यांच्या निमंत्रणावरून हॉल्डेन १९२८ मध्ये रशियाला जाऊन आले होते. १९४८ मध्ये सोव्हिएत सत्तेने जनुकशास्त्रावर अधिकृत बंदीच घातली, तेव्हाही हॉल्डेन यांनी लायसेन्कोचा ठाम निषेध केला नाही. त्याच्या म्हणण्यात काही तथ्य असू शकेल, अशी सारवासारव केली. पुढे १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, तेही गाजावाजा न करता. जनुकांचं गणित जगाला शिकवणारा माणूस जनुकांच्या बाजूने बोलायची वेळ आली तेव्हा अडखळला. मला ही त्यांची सर्वात मोठी चूक वाटते. प्रयोगात जिवाची पर्वा न करणाऱ्या माणसाला आपल्या गटाविरुद्ध बोलणं जास्त अवघड गेलं.

नदीकाठचं गणित

आता त्या पुराच्या व्हिडिओकडे येऊ.

दुसऱ्यासाठी झीज सोसण्याच्या वृत्तीचा विचार हॉल्डेन यांनी १९३२ च्या ‘द कॉझेस ऑफ इव्होल्यूशन’ या पुस्तकातही केला होता. पण १९५५ मध्ये सामान्य वाचकांसाठीच्या एका विज्ञानमालिकेत त्यांनी जे उदाहरण दिलं, ते कागदावर मांडून बघण्यासारखं आहे.

समजा, एक दुर्मीळ जनुक आहे. ते ज्याच्यात असतं तो बुडणाऱ्या मुलाला पाहून पुरात उडी मारतो. मूल वाचतं, पण उडी मारणारा बुडण्याची शक्यता दहात एक. म्हणजे अशा दहा उड्यांमागे दहा मुलं वाचतात आणि एक उडी मारणारा जातो. त्याच्यासोबत जनुकाची एक प्रत जाते. प्रश्न एवढाच, की वाचलेल्या दहा मुलांत त्याच जनुकाच्या किती प्रती आहेत?

मूल स्वतःचं असेल किंवा सख्खं भावंडं असेल, तर त्याच्यात ते जनुक असण्याची शक्यता निम्मी. दहा मुलांत पाच प्रती. एक गमावली, पाच वाचल्या. जनुक फायद्यात.

मूल नातू, पुतण्या किंवा भाची असेल, तर शक्यता पाव. दहा मुलांत अडीच प्रती. अजूनही फायदा.

चुलत भावंडं असेल तर एक अष्टमांश. दहा मुलांत सव्वा प्रत. जेमतेम.

आणि चुलत भावाचं मूल असेल तर एक सोळांश. दहा मुलांत एकाहून कमी प्रत. इथे जनुक तोट्यात गेलं. अशा उड्या मारायला लावणारं जनुक हळूहळू नाहीसं होईल.

मराठीत चुलत, आते, मामे, मावस असे चार वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत एकच. गणितही इथे इंग्रजीसारखंच वागतं, चौघांनाही एक अष्टमांशच धरतं. मात्र ज्या घरांत मामाच्या मुलीशी लग्नाची चाल पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिथे नाती दुहेरी होतात आणि हा आकडा वाढतो.

यावर हमखास विचारली जाणारी शंका अशी : सगळ्या माणसांची जनुकं ९९ टक्क्यांहून जास्त सारखी असतात असं आपण वाचतो, मग भावाशी निम्मी कशी? उत्तर हॉल्डेन यांच्या एका शब्दात आहे, दुर्मीळ. जी जनुकं सगळ्यांत आहेत त्यांच्यात स्पर्धाच नाही. नवीन आणि दुर्मीळ जनुक बाहेरच्या माणसात जवळपास नसतंच. ते एकाच पूर्वजाकडून आलेल्या नातेवाइकांत असू शकतं. भावाकडे ते असण्याची शक्यता निम्मी, अनोळखी माणसाकडे शून्याजवळ. तुमच्या फोनमधला एखादा फोटो दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये आहे का, असं विचारण्यासारखं हे आहे. फॅमिली ग्रुपमधल्या लोकांकडे असेल, रस्त्यावरच्या माणसाकडे कशाला असेल?

हॉल्डेन तिथेच थांबले नाहीत. आपण दोनदा बुडणाऱ्या माणसाला बाहेर काढलं आहे आणि त्या वेळी असा हिशेब करायला वेळ नव्हता, हेही त्यांनी नोंदवलं. अश्मयुगातला माणूसही हिशेब करत नव्हता. हा मुद्दा सर्वात जास्त निसटतो. जनुक माणसाच्या कानात गणित सांगत नाही. ज्या वृत्तीमुळे प्रती वाढल्या ती वृत्ती उरली, एवढंच. छोट्या टोळीत आसपासची बहुतेक मुलं नात्यातलीच असणार, तेव्हा बुडणारं मूल दिसलं की उडी मार, इतका ढोबळ आवेगही गणितात बसून जाईल. हॉल्डेन यांनी अशा लहान समूहांचीच अट घातली होती.

पबमधला किस्सा खरा की खोटा?

इंटरनेटवर हॉल्डेन यांच्या नावावर सर्वात जास्त फिरतं ते वेगळंच. पबमध्ये बसून त्यांनी पाकिटाच्या मागे हिशेब केला आणि दोन सख्खे भाऊ किंवा आठ चुलत भावंडं वाचणार असतील तर आपण जीव द्यायला तयार आहोत, असं जाहीर केलं, अशी ती गोष्ट. हिशेब बरोबर आहे. दोन निम्मे म्हणजे एक, आठ अष्टमांश म्हणजेही एक.

ही गोष्ट सांगितली त्यांचे शिष्य जॉन मेनार्ड स्मिथ यांनी, तीही १९७० च्या दशकात, हॉल्डेन गेल्यानंतर. हे मेनार्ड स्मिथ आधी विमानं डिझाइन करणारे इंजिनिअर होते. ईटनमध्ये शिकताना मास्तरलोक हॉल्डेन यांचा फार तिरस्कार करतात, म्हणून त्यांनी हॉल्डेन यांची पुस्तकं शोधून वाचली आणि पुढे नोकरी सोडून त्यांच्याकडे शिकायला गेले.

या किश्शाने एक माणूस दुखावला. बिल हॅमिल्टन. १९६० च्या सुरुवातीला लंडनमध्ये हा विद्यार्थी जवळजवळ एकट्याने याच प्रश्नावर काम करत होता. कधी लायब्ररीत, कधी वॉटर्लू स्टेशनच्या बाकावर. १९६४ मध्ये त्याचा दोन भागांचा निबंध आला आणि त्यात सर्वसाधारण नियम होता : मदत घेणाऱ्याला होणारा फायदा, त्याला नात्याच्या अपूर्णांकाने गुणा; उत्तर मदत करणाऱ्याच्या तोट्याहून जास्त आलं तर ती वृत्ती पसरेल. हॉल्डेन यांचं नदीचं उदाहरण म्हणजे या सूत्राची एक केस. हॅमिल्टन यांचा निबंध तपासणाऱ्यांत मेनार्ड स्मिथ होते आणि तो छापून येण्याआधीच त्यांनी स्वतः या विषयावर लिहून ‘किन सिलेक्शन’ हे नाव रूढ केलं. त्यात पुन्हा पबचा किस्सा. आपलं श्रेय गुरूच्या नावावर वळवलं जातंय, असं हॅमिल्टन यांना वाटत राहिलं.

माझं मत विचाराल तर कल्पनेचं बीज हॉल्डेन यांच्याकडे होतंच, ते १९५५ मध्ये छापलेलं आहे. पण त्यांनी ते उदाहरण म्हणून सोडून दिलं. त्याचा सिद्धांत केला तो हॅमिल्टन यांनी. १९७६ मध्ये रिचर्ड डॉकिन्स यांच्या ‘द सेल्फिश जीन’ने तो घराघरात नेला.

पुरावा कुठे आहे?

कॅलिफोर्नियाच्या डोंगरात जमिनीवर राहणाऱ्या खारींचा पॉल शर्मन यांनी अभ्यास केला. १९७७ मध्ये त्यांनी दाखवलं, की शिकारी प्राणी दिसल्यावर धोक्याची शीळ घालणाऱ्या खारी स्वतः जास्त मारल्या जातात. आणि शीळ घालण्यात पुढे असतात त्या माद्या, ज्यांच्या आसपास मुली-बहिणी राहतात. नर तारुण्यात दूर निघून जातात, शेजारी नातेवाईक नसतात, ते फारसे ओरडत नाहीत.

वादही आहेत. मुंग्यांचे जगप्रसिद्ध अभ्यासक ई. ओ. विल्सन यांनी २०१० मध्ये दोन सहकाऱ्यांसह या सिद्धांताची गरजच नाही असं मांडलं, तेव्हा शंभरहून जास्त शास्त्रज्ञांनी सह्या करून त्याला विरोध केला. शिवाय परोपकाराचं एकच एक जनुक माणसात नाही. वागण्यामागे असंख्य जनुकं, संगोपन, शिकवण, त्या क्षणी शेजारी कोण उभं आहे, असं बरंच काही असतं. कुणाचाही स्वभाव जनुकांवर ढकलून मोकळं होता येत नाही.

सॉक्स नको म्हणून भारतात

१९५७ मध्ये हॉल्डेन आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नी, जीवशास्त्रज्ञ हेलन स्पर्वे, कलकत्त्याला आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांना इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बोलावलं होतं. सुएझवर ब्रिटनने केलेल्या हल्ल्याचा निषेध, हे त्यांनी दिलेलं जाहीर कारण. आयुष्यभर सॉक्स घातले ते पुरे झाले, हेही त्यांनी दिलेलं कारण. इथे ते कुर्ता घालू लागले, मांसाहार सोडला आणि पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं.

महागडी यंत्रं नाहीत म्हणून संशोधन होत नाही, ही तक्रार त्यांना मान्य नव्हती. डोळे उघडे ठेवा आणि मोजा, हा त्यांचा धडा. टी. ए. डेव्हिस नारळाच्या झाडांची पानं डावीकडे वळत जातात की उजवीकडे, ते मोजत. कृष्ण द्रोणमराजू यांनी आंध्रातल्या नात्यातल्या लग्नांचा अभ्यास केला. सुरेश जयकर यांनी हेलन यांच्यासोबत माळटिटवीच्या घरट्यांवर नजर ठेवली आणि ते काम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आलं. पक्ष्यांना न मारता, अहिंसेने त्यांचा अभ्यास कसा करावा, यावर हॉल्डेन यांनीही १९५९ मध्ये त्याच नियतकालिकात लिहिलं होतं. टिटवीचं ओरडणं आपल्याकडे अपशकुनी मानतात. घरट्याजवळ गेलं की ती डोक्यावर घिरट्या घालत आपलं अस्तित्व जगजाहीर करते, ते अंड्यांसाठी. नदीकाठच्या गणितातली पहिली ओळ माळावर अशी ऐकू येते.

महाराष्ट्राशी आणखी एक धागा आहे. मलेरियाच्या प्रदेशात काही रक्तविकार का टिकून राहतात, याचं कारण हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलेसेमियाच्या संदर्भात सुचवलं : जनुकाची एकच प्रत असेल तर मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. १९५० च्या दशकात सिकलसेलच्या बाबतीत हे सिद्ध झालं. गडचिरोली, नंदुरबारमधल्या आदिवासी पाड्यांवर आज सिकलसेलच्या तपासण्या होतात, त्या आजारामागे हाच जुना सौदा आहे.

महालनोबिस यांच्याशी १९६१ मध्ये बिनसलं. सरकारी वैज्ञानिक संस्थेतल्या फायलींच्या संथ कारभाराला कंटाळून ते १९६२ मध्ये बिजू पटनायक यांच्या निमंत्रणावरून भुवनेश्वरला गेले आणि तिथे जनुकशास्त्राची प्रयोगशाळा उभारू लागले. वर्ष-दीड वर्षातच गुदाशयाच्या कर्करोगाचं निदान झालं. लंडनच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर त्यांनी स्वतःच्या कर्करोगावर एक विनोदी कविता लिहिली आणि ती १९६४ मध्ये ‘न्यू स्टेट्समन’मध्ये छापून आली. लक्षणं दिसताच लाज न बाळगता डॉक्टरकडे जा, हा तिचा उद्देश. अशा विषयावर विनोद कसला, म्हणून काही वाचक चिडलेही.

हॉल्डेन यांना स्वतःचं मूल झालं नाही. बहीण नेओमी यांची तीन मुलं मात्र शास्त्रज्ञ झाली. त्यातले डेनिस मिचिसन यांचं नाव क्षयरोगाच्या औषधोपचारांशी कायमचं जोडलेलं आहे.

लंडनमध्ये असतानाच हॉल्डेन यांनी बीबीसीसाठी कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःचा मृत्युलेख सांगून ठेवला होता. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरमध्ये त्यांचं निधन झालं आणि तो प्रक्षेपित झाला. देह डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना शिकायला द्यावा, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्यानुसार तो आंध्रातल्या काकीनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजकडे पाठवण्यात आला.